भरतीनंतरचा चौथा तास : मुंबईच्या शर्यत समित्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई बंदरातून शिडाच्या होड्यांच्या शर्यती आणि सहली नेणाऱ्या क्लबांच्या शर्यत समित्या व प्रशिक्षक
प्रत : महाराष्ट्र सागरी मंडळ

स. न. वि. वि.

पावसाळा सरला. होड्यांचे तळ घासून रंगवून झाले, शिडांना ठिगळं लागली. थोड्याच दिवसांत मांडवा, खांदेरी, अलिबागच्या शर्यतींची सूचनापत्रकं निघतील. सुरुवातीची रेषा, वळणाचे बोये (तरंगत्या खुणा), झेंडे, तक्रारीची मुदत, दंड, सगळं त्यात बारकाईने लिहिलेलं असतं. खडकांचा विषय मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात उरकतो : शर्यतीत उतरायचं की नाही, ही जबाबदारी नौकेची. शर्यतीच्या नियमांतला तिसरा नियम तेच सांगतो, त्यामुळे वाक्यात चूक काही नाही. पण मार्ग तुम्ही आखता, सुटायची वेळ तुम्ही ठरवता, आणि होडी खडकाशी किती वाजता पोचणार हे त्या दोन गोष्टींवरूनच ठरतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मागणं दोनच आहे. खडकांच्या बाहेरून एक रेषा आखून ती सूचनापत्रकात अडथळा म्हणून जाहीर करा. आणि परतीची शेवटची वेळ घड्याळाऐवजी पाण्याच्या उंचीवरून ठरवा. दुसऱ्या मागणीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यामागचा हिशेब फार थोड्यांनी मांडून पाहिलेला असतो.

मुंबईत अपोलो बंदरच्या आकड्यांनुसार उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची) सरासरी भरती 4.4 मीटर आणि ओहोटी 0.8 मीटर. भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) सरासरी भरती 3.3 आणि ओहोटी 1.9. हे सगळे आकडे नकाशाच्या शून्यापासून मोजलेले, म्हणजे सागरी नकाशातल्या खोल्या ज्या अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात तिथून. आता नकाशात एखाद्या खडकावर 1.2 असा आकडा खाली रेघ देऊन छापला आहे असं धरा. अधोरेखित आकडा म्हणजे खोली नव्हे. पाणी नकाशाच्या शून्यावर उतरलं की तो खडक तेवढा वर उघडा पडतो. होडी जे-24 ही शर्यतीची लहान होडी धरू, कारण तिचा कील (तळाखालचा खोल पंख) सगळ्यांच्या परिचयाचा आहे : पाण्याखाली 1.22 मीटर.

उधाणाच्या दिवशी पाणी सहा तासांत 3.6 मीटर उतरतं, पण सारख्या चालीने नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे भरतीला 4.4, तासाभराने 4.1, मग 3.5, 2.6, 1.7, 1.1 आणि शेवटी 0.8. खडकाच्या डोक्यावर भरतीला 3.2 मीटर पाणी असतं, होडी निर्धास्त वरून जाते. तीन तासांनी तिथे 1.4 मीटर उरतं. कील आणि खडक यांच्यात अठरा सेंटिमीटर. अर्धा मीटर उंचीची लाट असेल तर तिच्या खळग्यात होडी पाव मीटर खाली बसते, आणि ठोकर बसते. चार तासांनी डोक्यावर अर्धाच मीटर पाणी. खडक अजून दिसत नाही, पण कील सरळ त्याच्यावर जाणार. पाच तासांनी खडकाचा माथा दहा सेंटिमीटर वर येतो, फेस दिसतो, सगळे लांबून जातात.

शिकणाऱ्याला आपण सांगतो, ओहोटीला सांभाळ. पूर्ण ओहोटीला खडक स्वतःच दिसतो. घात होतो तो भरतीनंतरच्या चौथ्या-पाचव्या तासात, जेव्हा वरून पाणी सपाट दिसतं आणि खाली जागा संपलेली असते.

आता हे घड्याळावर ठेवून पाहा. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला दिवसाची भरती दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास असते. चौथा तास म्हणजे साडेतीन ते साडेचार. सकाळी सुटलेल्या होड्या खांदेरीला वळसा घालून नेमक्या याच सुमारास कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या खडकाजवळ येतात. तेव्हा खारा वारा भरात असतो, पश्चिम-वायव्येकडून. सूर्य पश्चिमेला कललेला असतो, आणि उत्तरेकडे येणाऱ्या होडीच्या डाव्या हाताला, म्हणजे जिकडे प्रॉन्ग्जचा खडक आहे तिकडेच, पाण्यावर डोळे दिपवणारा चकाका असतो. बंदरातून बाहेर येणारा ओहोटीचा ओढाही तेव्हाच सगळ्यात जोरात. समोरून दोन नॉटपेक्षा (ताशी सागरी मैलांपेक्षा) जास्त वेगाने पाणी आणि होडीचा वेग पाच नॉट, अशा वेळी होडीचे डावपेच ठरवणाऱ्या प्रत्येक टॅक्टिशियनच्या डोक्यात एकच गोष्ट येते : कडेला ओढा कमी, जरा खडकाला धरून चला. शर्यत जिंकण्याच्या दृष्टीने हा विचार चुकीचा नाही. म्हणूनच तो थोपवायला समितीची रेषा लागते.

24 ऑक्टोबर 2018 ला शिवस्मारकाच्या कार्यक्रमाला निघालेली एक स्पीडबोट प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या पश्चिमेला खडकावर आपटून बुडाली आणि एक तरुण गेला. ती शिडाची होडी नव्हती आणि त्या अपघाताची चिकित्सा करायची ही जागा नाही. पण दिवस पौर्णिमेचा होता आणि वेळ दुपारी चारच्या सुमाराची.

भांगाच्या दिवसांत फसवणूक वेगळी असते. ओहोटी 1.9 च्या खाली जात नाही, म्हणजे आपला 1.2 चा खडक दिवसभर पाण्याखालीच राहतो. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, तो दिसतच नाही. आणि भरती 3.3 च्या वर चढत नाही, म्हणजे अगदी भरतीलाही जे-24 च्या कीलखाली मीटरभर जागा मिळत नाही. ओढा मंद, समुद्र शांत, म्हणून नवशिक्यांच्या सहली याच दिवसांत ठेवल्या जातात. ठेवा, पण त्या दिवशी खडकावरून जायची वेळ नावाची गोष्ट नसते, हे त्यांना निघण्यापूर्वी सांगा.

म्हणून परतीची मर्यादा अशी काढावी : मार्गालगतच्या सगळ्यात उंच झाकल्या-उघड्या खडकाचा अधोरेखित आकडा, त्यात ताफ्यातल्या सगळ्यात खोल कीलचा आकडा, आणि वर एक मीटर हातचा. आपल्या उदाहरणात 1.2, 1.2 आणि 1.0 मिळून 3.4 मीटर. उधाणाच्या दिवशी पाणी 3.4 ला येतं ते भरतीनंतर दोन तासांनी, अडीचच्या सुमारास. त्यानंतर जी होडी प्रॉन्ग्जला पोचेल ती रेषेच्या बाहेरूनच जाईल, आणि ज्यांना अडीचपर्यंत पोचणं जमणार नाही त्यांच्यासाठी मार्ग छोटा करायचा झेंडा खांदेरीच्या अलीकडेच लागेल. हे गणित सुटायच्या आदल्या रात्री दहा मिनिटांत होतं. मात्र आकडे त्या दिवसाचे, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. वरचे सरासरी आकडे केवळ समजण्यापुरते. एकाच दिवसाच्या दोन भरत्यासुद्धा सारख्या नसतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला हिशेब (चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा) आम्हालाही प्रिय आहे. मासळीला जायचं की नाही हे त्यावरून ठरवता येतं. पण उधाणात तो तासभर मागे पडतो आणि उंची तर सांगतच नाही, म्हणून कीलखालची जागा त्याच्यावर मोजू नये.

आता रेषेकडे वळू.

खडकापासून किती लांब राहायचं, असं विचारलं की उत्तर येतं, ‘तीनशे मीटर.’ पाण्यावर तीनशे मीटर म्हणजे किती, हे उन्हात, लाटेत, डाव्या डोळ्यात चकाका घेऊन कोणीच सांगू शकत नाही. कोळ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. ते अंतर मोजत नाहीत, खुणा धरतात. जवळची एक खूण, लांबची एक खूण; दोन्ही एकावर एक आल्या की होडी त्या रेषेवर. जवळची खूण लांबच्या खुणेच्या डावीकडे सरकली की होडी रेषेच्या उजवीकडे गेली, उजवीकडे सरकली की डावीकडे. यंत्र लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि ओढा होडीला आडवा नेतोय हे तिथल्या तिथे कळतं, जे नाळ (होडीचं पुढचं टोक) पाहून कधीच कळत नाही.

जिथे दोन खुणा जुळत नाहीत तिथे एक खूण आणि होकायंत्र. सागरी नकाशावर दीपगृहापासून बाहेर एक रेघ ओढायची, ती खडकाच्या शेवटच्या चिन्हाला पुरेशी जागा सोडून जाईल अशी, आणि तिचा अंश वाचायचा. दक्षिणेकडून येणाऱ्या होडीवरून प्रॉन्ग्जचं दीपगृह त्या रेघेवर 330 अंशांवर दिसतं असं उदाहरणापुरतं धरू. (खरा आकडा तुमच्या नकाशावर तुम्हीच काढायचा, या पत्रातला वापरू नका.) दीपगृह 330 पेक्षा कमी अंशांवर दिसतंय तोवर होडी रेघेच्या पूर्वेला, मोकळ्या पाण्यात. 332, 335 होऊ लागलं की सुकाणू पूर्वेकडे, चर्चा नंतर. रात्री दीपगृहाचा दिवा आणि दिवसा त्याचे रंगीत पट्टे, दोन्ही लांबून ओळखू येतात. 1875 पासून ते त्यासाठीच उभं आहे. दीपगृह डाव्या हाताला बरोबर आडवं आलं की ही रेघ संपली. पुढे कुलाब्याच्या टोकापर्यंतच्या कातळासाठी आणि संक रॉकसाठी वेगळ्या रेघा लागतात. एकच रेघ सगळीकडे पुरवायला जाणं हा आम्ही पाहिलेला सगळ्यात नेहमीचा घोटाळा.

लहान होडीवर हातातल्या होकायंत्राचं वाचन तीन ते पाच अंश इकडेतिकडे होतंच. डोलकाठीला पाठ टेकवून, गुडघे सैल ठेवून तीन वाचनं घ्यायची आणि मधलं धरायचं. मैलभर अंतरावर पाच अंशांची चूक म्हणजे साधारण एकशे साठ मीटर, अर्ध्या मैलावर ऐंशी. रेघ आखतानाच एवढी जागा बाहेर सोडलेली असली पाहिजे. एक सोय मात्र निसर्गाने केली आहे : मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, म्हणून नकाशावरचा अंश जवळजवळ तसाच होकायंत्रावर. (कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा ट्रामच्या विजेचा त्रास नको म्हणून 1904 मध्ये अलिबागला गेली, हे अलिबागकरांना माहीत असतंच.) पण ट्राम गेली तरी खिशातला फोन गेलेला नाही. होकायंत्र धरलेल्या हाताजवळ फोन, ब्लूटूथ स्पीकर किंवा कमरेचा चाकू असला तर दहा अंशांची चूक सहज होते, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

हीच रेघ सूचनापत्रकात आली की तिला नियमांचं बळ मिळतं. ‘अडथळा’ या शब्दाच्या व्याख्येतच, सूचनापत्रकाने तसं जाहीर केलेली वस्तू, क्षेत्र किंवा रेषा हाही अडथळा मानला आहे. याचा उपयोग असा. दोन होड्या शेजारी शेजारी, दोघींच्या डाव्या बाजूने वारा, खडक वाऱ्याकडे. वाऱ्याखालची होडी वर चढत राहते, तिचा हक्क आहे. वाऱ्याकडची होडी खडकाकडे ढकलली जाते. रेषा अडथळा असेल तर 19 व्या नियमाने बाहेरच्या होडीला आतल्या होडीसाठी जागा सोडावी लागते, आणि ती रेषेपाशी, खडकापाशी नाही. उत्तरेचा वारा असताना अलिबागजवळच्या थळच्या बाजूला टॅक मारत (वाऱ्याविरुद्ध नागमोडी वळणं घेत) जाणाऱ्यांना 20 वा नियम लागू : अडथळ्यापाशी पोचलेली होडी ‘टॅकला जागा’ अशी हाक देऊ शकते आणि शेजारणीला टॅक मारावा लागतो किंवा ‘तू मार’ असं ताबडतोब उत्तर द्यावं लागतं. रेषा नसेल तर ही हाक कधी द्यायची हे प्रत्येकजण आपापल्या धाडसाप्रमाणे ठरवतो. आणि ज्याचं धाडस जास्त, शेजारणीचा कील त्याच्या हातात.

फोनबद्दल थोडं. फोनवरचा निळा ठिपका पाच-दहा मीटरच्या आत बरोबर असतो, तक्रार त्याची नाही. तक्रार ठिपक्याखालच्या नकाशाची आहे. स्क्रीनवर बोटांनी नकाशा लहान केला की लहान खडक चित्रातून गायब होतात; संगणक जागेअभावी ते लपवतो. 29 नोव्हेंबर 2014 ला ‘व्होल्वो ओशन रेस’मधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही होडी मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळावर चढली. जगातले निवडक खलाशी, उत्तम यंत्रं, आणि लहान केलेल्या नकाशावर तो प्रवाळ नीट दिसत नव्हता. आपल्याकडे यावर उपाय साधा आहे. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा कागदी नकाशा घ्या, मोठ्या प्रमाणातला, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याच्यावर बोट ठेवून सगळा मार्ग चाला. चिन्हं तीनच पाठ करायची आहेत. तारा म्हणजे झाकला-उघडा होणारा खडक. अधिक चिन्ह आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके म्हणजे नकाशाच्या शून्याला पाण्याच्या पातळीत असलेला. अधिक चिन्हाभोवती ठिपक्यांचं कडं म्हणजे कायम पाण्याखालचा धोका. मग त्याच रेघा फोनवर आखा आणि फोन खुशाल वापरा.

खोली मोजणाऱ्या यंत्राच्या भोंग्यावर विसंबू नका हेही शिकवा. पाच नॉटला होडी सेकंदाला अडीच मीटर जाते. चिखलाच्या तळातून उभा वर येणारा बेसाल्टचा खडक असला तर भोंगा वाजणं आणि ठोकर बसणं यांत वीस सेकंदही नसतात. त्यात यंत्र अनेक होड्यांवर खोली स्वतःपासून मोजतं, कीलच्या टोकापासून नाही. मालवणला डिसेंबर-जानेवारीत पाणी इतकं नितळ असतं की नाळेवर एक माणूस उभा केला तर तो खडक दाखवतो. मुंबईचं पाणी गढूळ. इथे नाळेवरचा माणूस फक्त फेस आणि जाळी दाखवू शकतो.

जाळ्यांवरून आठवलं. थळ-मांडव्याच्या पट्ट्यात डोलीच्या (ओढ्यात रोवून ठेवायच्या पिशवीसारख्या) जाळ्यांचे खुंट आणि बोये असतात, आणि ते ओढ्यातच लावलेले असतात, कारण डोल ओढ्यावरच भरते. कील किंवा सुकाणू दोरात अडकलं की होडी थांबत नाही. ती दोराच्या टोकाला झोके घेत खडकाच्या दिशेने शेपूट करते. दोर कापणं हा शेवटचा उपाय, तो कोणाच्या तरी पोटाचा दोर आहे. आधी शिडं सोडा, होडी एका बाजूला कलवा, दोर वल्ह्याने खाली दाबा. तरी नाही सुटलं तर चाकू, आणि मग किनाऱ्यावर जाऊन नुकसान भरून द्या. चाकू सुकाणूच्या दांड्याजवळ हवा, बॅगेत नको.

खांदेरीला वळसा कोणत्या बाजूने घालायचा हे सूचनापत्रकात स्पष्ट लिहा. बेटाभोवती कातळाची झालर आहे, आणि पूर्वेच्या बाजूला वाऱ्याला टेकाडाची आड येते. वायव्य वाऱ्यात ती आड टेकाडाच्या उंचीच्या कितीतरी पट लांब पसरते. तिथे शिडं लोंबतात, सुकाणूला पाणी लागत नाही, आणि ओढा मात्र चालूच असतो. पश्चिमेने गेलात तर वारा स्वच्छ मिळतो, पण होडी वाऱ्याच्या बाजूने बेटाकडे घसरू शकते, म्हणून बाहेर जास्त जागा लागते. आमचं मत पश्चिमेने, भरपूर बाहेरून. खांदेरी-उंदेरीच्या मधून नवख्या होड्यांना पाठवू नये, आणि उंदेरी-थळच्या मधून तर कीलवाल्या कोणालाच नाही.

हे पाणी कोणाचं आहे ते 1679 मध्ये ठरलं. शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी खांदेरीवर तट बांधत होते आणि मुंबईची इंग्रजी जहाजं बेटाला वेढा घालून बसली होती. रात्रीच्या काळोखात किनाऱ्याच्या खाडीतून हलक्या, उथळ बुडाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्या रसद घेऊन बेटावर पोचायच्या, आणि वारा पडला की इंग्रजांची जड जहाजं नुसती पाहत राहायची. खांदेरी आता जागतिक वारसा यादीत आहे, तिकडे शर्यती वाढणार. आपल्या मीटर-सव्वामीटर कीलच्या होड्या दिसायला कितीही हलक्या असल्या तरी या पाण्यात त्या इंग्रजांच्या बाजूच्या आहेत.

खडकांच्या मैलभर आत शिरण्याआधी प्रत्येक होडीवर तीन गोष्टी तयार आहेत का, हे सुरक्षा-तपासणीत पाहा. नांगर लॉकरच्या तळाशी न ठेवता वर, साखळी-दोर मोकळा, खोलीच्या निदान पाचपट लांब, आणि नांगराच्या मानेला एक सुटी दोरी बोयासह बांधलेली. खडकात अडकलेला नांगर त्याच दोरीने उलटा निघतो. आउटबोर्ड (लहान इंजिन) मागच्या कंसावर आणि त्याच दिवशी सकाळी एकदा चालू करून पाहिलेलं. आणि सगळ्यांच्या अंगात लाइफजॅकेट, बाकाखाली नाही.

तरीही होडी चढलीच, तर ओहोटीत वेळ फार थोडा असतो. उधाणाच्या मधल्या तासांत पाणी ताशी नव्वद सेंटिमीटर उतरतं, म्हणजे मिनिटाला दीड. पाच मिनिटं वाद घातला की होडी साडेसात सेंटिमीटर जास्त घट्ट बसली. पहिलं काम, शिडं पूर्ण सोडा. फुगलेलं शीड होडीला आणखी आत ढकलतं. दुसरं, एकाने खाली जाऊन फळ्या उचलून पाहायचं. कील खडकावर आपटला की त्याची मागची कड वर, होडीच्या पोटात शिरते, म्हणून कीलच्या मागच्या सांध्यापाशी तडा आणि पाणी शोधायचं, पुढे नाही. पाणी येत असेल तर होडी काढायची घाई करू नका. खडकावर बसलेली फुटकी होडी तरंगणाऱ्या फुटक्या होडीपेक्षा सुरक्षित असते. पाणी येत नसेल तर सगळे वाऱ्याखालच्या काठावर, बूम (शिडाच्या तळाची आडवी दांडी) बाहेर, होडी कलवा; आलात त्याच वाटेने मागे, आउटबोर्ड उलटं. निघाली नाही तर नांगर दुसऱ्या होडीतून खोल पाण्याकडे नेऊन टाका आणि विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) ताण धरून ठेवा, निदान लाटेने आणखी आत तरी जाणार नाही. व्हीएचएफ रेडिओचा 16 नंबरचा चॅनेल, आणि फोनवर तटरक्षक दलाचा 1554. कोणीही अनवाणी खडकावर उतरायचं नाही. कालवांची धार पायाला लागलेली पाण्यात कळत नाही, रक्त पाहिल्यावर कळते.

सागरी मंडळाला एक विनंती, कमी खर्चाची. मांडवा, रेवस, मालवण, विजयदुर्गसारख्या जेट्ट्यांच्या एका खांबावर नकाशाच्या शून्यापासून मोजलेली मीटरपट्टी रंगवून घ्या, लांबून वाचता येईल अशी. तक्त्यातला आकडा आणि आत्ताचं पाणी यांत वाऱ्यामुळे पडलेला फरक तांडेलापासून शाळकरी मुलापर्यंत कोणालाही तिथे उभं राहून दिसेल. आणि मालवणसारख्या खडकाळ तोंडाच्या बंदरांत दोन खांबांची प्रवेशरेषा द्या. एक पुढे, एक मागे, दिवसा रंग आणि रात्री दिवा. आत जायची वाट आज स्थानिकांच्या डोळ्यांत आहे, ती दोन खांबांत उतरवता येते.

समित्यांना सूचनापत्रकासाठी मजकूर सोबत देतो. मोकळ्या जागा तुमच्या नकाशावरून भरा आणि भरलेले आकडे दोघांनी स्वतंत्रपणे तपासा :

‘प्रॉन्ग्ज दीपगृह ____ अंशांवर दिसते ती रेषा, दीपगृहापासून ____ मैलांपर्यंत, अडथळा आहे. कोणतीही नौका या रेषेच्या पश्चिमेला जाणार नाही. थळच्या बाजूला ____ आणि ____ या खुणांमधली रेषा अडथळा आहे. खांदेरी बेट ____ हाताला ठेवून, ____ मीटर खोलीच्या बाहेरून वळावे. अपोलो बंदर येथे पाण्याची उंची ____ मीटरच्या खाली जाण्याची आजची वेळ ____ आहे. त्या वेळेपर्यंत ____ हा बोया न ओलांडलेल्या नौकांसाठी शर्यत तिथेच संपेल.’

आपले,
मुंबई-अलिबागच्या पाण्यात शिडाच्या होड्या चालवणारे आणि शिकवणारे काहीजण